बर्फात तापलेली गाडी

आप्पा, कडाक्याच्या थंडीत गाडी तापली. आधी एवढंच सांगतो, कारण हे ऐकल्यावर तुम्ही हातातला कप खाली ठेवाल आणि मग बाकीचं नीट ऐकून घ्याल. घरासमोरचा कालवा गोठला होता, त्यावर माणसं स्केटिंग करत होती, आणि आमच्या गाडीचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला होता. मे महिन्यात कन्नडच्या घाटात इंजिन तापतं हे मी तुमच्या शेजारी बसून पाहिलेलं आहे. पण नाकाचं टोक बधिर करणाऱ्या सकाळी इंजिन उकळावं, हे तुम्हीही पाहिलं नसणार. तुम्ही बर्फ पाहिलात तो फक्त लशीच्या पेटीतला.

तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी आम्ही इकडे नेदरलँड्सला आलो. गावाचं नाव हूफडॉर्प. विमानतळाच्या जवळ, समुद्राच्या पातळीच्या खाली आणि परातीसारखं सपाट. चढ म्हणावा असा फक्त हमरस्त्यावरचा पूल. मी कॉम्प्युटरचं काम करतो. डिग्रीशिवाय कोण उभं करणार तुला, असं तुम्ही म्हणायचात, म्हणून मुद्दाम सांगतो की डिग्रीशिवायच उभा आहे. प्रोग्रॅमिंग स्वतः शिकलो, डच भाषा स्वतः शिकलो, आणि गाडीचं काम तर कुणाकडून शिकायची वेळच आली नाही. ते तुमच्या जीपच्या बॉनेटखाली आपोआप अंगात आलं, अशी माझी समजूत होती. ती कितपत खरी होती ते पुढे येईल.

तुमची सूनबाई इथं आली ती माझ्या परवान्यावर, डिपेंडंट म्हणून. पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमधलं तिचं काम, तिची सर्टिफिकेटं, इथं कुणी विचारात घेतली नाहीत. कितीतरी वर्षं ती घर सांभाळत डच शिकत राहिली. मग जगभर ती साथ आली. साथी तुम्हाला नव्या नाहीत; आरोग्य केंद्राच्या जीपमधून तुम्ही लशी पोचवल्यात. पण या साथीत लोक घरात बंद झाले, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायला माणसं कमी पडू लागली. सूनबाईनं प्रशिक्षण घेतलं आणि तिला काम लागलं. सकाळी उजाडायच्या आत गाडी काढायची, आसपासच्या खेड्यांत एकेका घरी जायचं, कुणाला इन्सुलिन द्यायचं, कुणाला घट्ट मोजे चढवून द्यायचे. हे मोजे म्हणजे साधे मोजे नव्हेत. पायाला सूज चढू नये म्हणून गुडघ्यापर्यंत आवळून बसणारे, म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हातानं न चढणारे. तिच्या पहिल्याच घरी अशा एक आजी होत्या. त्या बिछान्यातून उठायच्या आत ते चढवावे लागतात. उशीर झाला तर पाय सुजतात आणि मग मोजे चढतच नाहीत. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. आणि सुरुवातीचा काळ प्रोबेशनचा, म्हणजे कुठल्याही दिवशी, कारण न सांगता, नको म्हणायची त्यांना मुभा.

त्या सोमवारी बर्फ पडून गेला होता आणि वारा सुटला होता. मी बेडरूममधल्या टेबलावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, आणि तिचा फोन आला.

"अरे, तो तापण्याचा दिवा लागलाय. काटा पार वर गेलाय."

"थांब. बाजूला घे, बंद कर. झाकणाला हात लावू नकोस."

"झाकण कुठं असतं हेच मला माहीत नाही. आजी वाट बघतायत, मी चालत निघाले."

'झाकणाला हात लावू नकोस' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, पण आवाज तुमचा होता. घाटात जीप उभी, बॉनेटमधून वाफ येतेय, आणि मी मदत करायची म्हणून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तुम्ही मनगटावर असा फटका मारलात की लाल वळ उठला. "हात पाहिजे का नको?" एवढंच म्हणालात. मग तुम्ही एका दगडावर बसलात आणि आपण इंजिन निवायची वाट पाहिली. तुमचा एक डोळा लशीच्या पेटीकडे होता, एक रेडिएटरकडे. पेटीतला बर्फ वितळतोय आणि शेजारी पाणी उकळतंय, आणि तुम्ही मध्ये बिडी न ओढता बसलेले आहात. बिडी तुम्ही काम संपल्यावरच ओढायचात.

सोमवारचे तिचे सगळे पेशंट झाले, पण उशिरा. तिच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला तेव्हा मी जवळच होतो. इथली माणसं रागावत नाहीत, आवाज खाली ठेवून सांगतात. गाडी बिघडू शकते हे मी समजू शकते, त्या म्हणाल्या, पण मोजे समजून घेत नाहीत. पुन्हा असं झालं तर तुझी सकाळची फेरी मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. सूनबाई हो म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत राहिली. घासायला फारशी नव्हती.

गॅरेजला फोन केला. थंडीनं सगळ्यांच्या बॅटऱ्या बसलेल्या, नंबर दोन आठवड्यांनंतरचा. मला मनातून बरंच वाटलं, आप्पा. म्हटलं, कशाला गॅरेज हवं. दुपारी गाडी ओढून आणली, तपासली. टाकीतलं पाणी खुणेला बरोबर, मी दर रविवारी बघतोच. पंखा फिरतो. पट्टा ताठ आहे. झाकणाचं रबर शाबूत. चालवून पाहिली, पुलावरून पलीकडे जाऊन परत आलो, काटा मधोमध. मी तिला ऐटीत सांगितलं, काही नाही, कुठंतरी हवा अडकली असेल, निघून गेली. मंगळवारी सकाळी गाडी आमच्या वसाहतीच्या बाहेर पडायच्या आत परत लाल. ती गाडी तिथंच ठेवून घरी आली, सायकल काढली आणि बर्फावरून गेली. दुपारी परतली तेव्हा पॅंटचा एक गुडघा फाटलेला होता.

"पडलीस?"

"मी पडले नाही. सायकल पडली, मी तिच्यावर होते."

फेरी तिनं वेळेत पूर्ण केली होती. पण रोज असं करणं शक्य नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बुधवारी तिची सुट्टी होती. गुरुवारी सकाळपर्यंत गाडी बरी व्हायला हवी होती.

मंगळवारी संध्याकाळी गाडी ढकलत दारात आणून मी थर्मोस्टॅट काढला. तुमच्या जीपमधला तुम्ही काढूनच टाकला होता, आपल्याकडच्या उन्हात नुसता अडथळा म्हणून. तेव्हा थोडक्यात सांगतो. इंजिन थंड असताना हा दरवाजा बंद असतो, तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो बंदच अडकून बसला असेल, असा माझा पक्का कयास होता. तो दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडायचा, पाणी तापवायचं आणि उघडतो का ते बघायचं. पुस्तकात अशीच पद्धत दिलेली आहे.

"माझ्या चहाच्या पातेल्यात?" सूनबाई मागून म्हणाली.

"धुतो ना नंतर."

"धुऊ नकोस. ते पातेलं आता गॅरेजचं झालं. आप्पांनी कधी सासूबाईंच्या पातेल्यात जीप उकळली नव्हती."

ते खरं आहे. आईनं तुम्हाला स्वयंपाकघरात तेलकट हातानं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. पण सूनबाई असं म्हणत म्हणत लॅबमधल्या सवयीनं थर्मामीटर घेऊन शेजारी उभी राहिली, आकडे वाचू लागली. थर्मोस्टॅटवर जो आकडा छापलेला होता, त्या आकड्याला तो उघडला. अगदी शहाण्यासारखा. गॅस बंद केल्यावर मिटलाही. माझा आरोपी निर्दोष सुटला.

मी खुर्चीवर बसलो. ती म्हणाली, "मला एक सांग. ही सकाळीच का तापते? काल दुपारी तू चालवलीस तेव्हा तापली नाही."

"सकाळी थंडी जास्त असते."

"तेच म्हणतेय मी. थंडीनं गाडी तापते का?"

आप्पा, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पाण्याचा संशय शिरला. मग उठून टाकीतलं थोडंसं पाणी पिचकारीनं काढलं, दह्याच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि फ्रीजरमध्ये ठेवायला निघालो. तिनं अडवलं. नुसतं तुझंच सॅम्पल ठेवून काय कळणार, म्हणाली, शेजारी चांगलं ठेव, तुलना कशाशी करशील? तेव्हा गाडीबरोबर मिळालेल्या, कधी न उघडलेल्या कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरसाठीच्या तयार द्रवाच्या, बाटलीतलं थोडं पाण्यात मिसळून दुसऱ्या डब्यात घातलं. दोन्ही डब्यांवर तिनं चिकटपट्टी लावून लिहिलं: विष आहे, खाऊ नये. मग मटार आणि नारळाच्या चवाच्या पिशव्या तिनं खालच्या कप्प्यात हलवल्या, माझ्याकडे न बघता.

बुधवारी सकाळी बाटलीतलं होतं ते तसंच लालसर, पातळ, डबा हलवला की हलत होतं. माझं होतं त्याचा दगड झाला होता. मी डबा उलटा केला, तरी पडेना.

मग मी बाहेर जाऊन गाडीखाली आडवा झालो आणि रेडिएटरचा खालचा रबरी पाईप दाबला. तो कुरकुरला. लहानपणी बाजारात बर्फाचा गोळा घेताना तो किसलेला बर्फ मुठीत दाबल्यावर जसा आवाज येतो, तस्साच. पाईपात बर्फ होता, आप्पा. रात्रीत रेडिएटरमधलं पाणी गोठून चिखल व्हायचा. सकाळी इंजिन सुरू झालं की इंजिनातलं पाणी तापायचं, थर्मोस्टॅट आपलं काम चोख करायचा, दरवाजा उघडायचा, आणि पुढे वाट बंद. गरम पाणी जिथल्या तिथं उकळायचं. दुपारी ऊन, इंजिनाची धग, बर्फ सुटायचा आणि गाडी शहाणी व्हायची. मला कळेना, बर्फावर पडून हसावं का काय करावं.

आता ते पाणी तिथं कुठून आलं. ते मी घातलं.

तुम्ही रोज सकाळी जीपला पाणी पाजायचात. 'भरायचं' असं कधी म्हणाला नाहीत, 'पाजायचं' म्हणायचात. गार इंजिनाचं झाकण उघडायचं, बोटानं बघायचं, पितळी नरसाळ्यावर मलमलीचा तुकडा ठेवून गाळलेलं पाणी ओतायचं, मग स्वतः चहा घ्यायचा. मी पुण्याला निघालो तेव्हा इतरांच्या बापांनी घड्याळं दिली, तुम्ही ते नरसाळं दिलंत. माझ्याकडे तेव्हा सायकलही नव्हती. तेच नरसाळं घेऊन मी इथं आलो, आणि गाडी घेतल्यापासून दर रविवारी सकाळी टाकी बघायची, खुणेच्या खाली असेल तेवढं नळाचं पाणी गाळून घालायचं, हा माझा नेम होता. समोरचे लोक कुत्रं फिरवताना थांबून बघायचे. मला त्याचा अभिमान होता. अजून खोटं कशाला सांगू. कूलंट म्हणजे रंग घातलेलं पाणी, असं मी चार मित्रांना सांगितलेलंही आहे.

तुमच्या जीपचं पाणी रोज कमी व्हायचं, कारण ते उकळून जायचं. ऊन तसं, घाट तसा, जीपही तशीच जुनी. पाणी कमी होणं हा तिचा स्वभाव होता आणि ते घालणं हे तुमचं काम होतं. या गाडीची रचना वेगळी आहे. हिचं पाणी बंदिस्त आहे, ते कमी व्हायलाच नको. कमी होतंय म्हणजे कुठंतरी गळतंय. मी गळतं कुठं ते शोधलं नाही, नुसतं पाजत राहिलो. थेंब थेंब कूलंट बाहेर गेलं, त्याच्या जागी नळाचं पाणी आलं, आणि आधीचे हिवाळे मऊ होते म्हणून कुणाला काही कळलं नाही. गळती सापडायला मला पाच मिनिटं लागली. वरच्या पाईपाला आवळून धरणाऱ्या पट्टीखाली वाळलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा धरला होता. बघितलं असतं तर केव्हाच दिसला असता. पण नेम करणारा माणूस बघत नाही, नेम करतो.

शेजारचे आजोबा हे सगळं खिडकीतून बघत होते. इथं शेजारी एकमेकांना 'बूरमान' म्हणतात, शेजारीबुवा म्हणावं तसं. तेही मला बूरमान म्हणतात आणि मीही त्यांना. ते दारात आले, लांबच उभे राहिले. मी झालं ते सांगितलं.

"नळाचं पाणी?" त्यांनी विचारलं.

"नळाचं."

"नुसतं?"

"गाळून."

त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. मग म्हणाले की त्यांच्या गॅरेजमध्ये हीटर आहे, बर्फ तिथं हळूहळू सुटेल, उकळतं पाणी मात्र ओतू नकोस, काहीतरी तडकेल. तेव्हा घरात दिवसाला एकच पाहुणा घ्यायचा असा सरकारी नियम होता, आणि त्यांची मुलगी दुपारी येणार होती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "गाडीला पाहुणी धरत नाहीत. तू बाहेर थांब."

आम्ही दोघांनी ढकलून गाडी आत घेतली; स्टीअरिंग सूनबाईकडे. दुपारपर्यंत पाईप मऊ पडला. मग गाडी परत बाहेर ढकलून मी पाणी खाली काढलं, रेडिएटर टॉर्चनं कोपरान् कोपरा तपासला. चीर नाही. इंजिनाच्या बाजूलाही काही फुटलेलं नाही. पूर्ण गोठलं नव्हतं, चिखलच झाला होता, म्हणून वाचलं. थर्मोस्टॅट परत बसवला, पट्टी नवी घातली, आतून धुऊन काढलं, कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं निम्मं मोजून भरलं. दुकानं बंद होती, पण ऑनलाइन मागवलं की दारातून हातात देत. शेवटी इंजिन सुरू करून, आतला हीटर पूर्ण उघडून, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत उभा राहिलो. वरचा पाईप गरम झाला. थोड्या वेळानं खालचा कोमट झाला, मग गरम. मी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. आजोबा गॅरेजच्या दारातून म्हणाले, लग्न लागलं का? मी म्हटलं, लागलं.

गुरुवारी ती अंधारात निघाली. त्या सकाळी आधीच्या दोन सकाळींपेक्षा जास्त गारठा होता. मी मीटिंगमध्ये काय बोललो ते मला आठवत नाही. फोन उपडा ठेवला होता, मग उताणा ठेवला. तो वाजला नाही. एकदाही नाही. दुपारी ती आली, किल्ली खुंटीला लावली, मास्क काढला आणि म्हणाली की मोजेवाल्या आजींनी आज तिला आत आल्या आल्या सांगितलं, लवकर आलीस, झोप अजून झाली नाही. मग ती मला म्हणाली, "रविवारी टाकी कशी बघायची ते दाखव. यापुढं मी बघते."

"मी आहे की."

"तू आहेस म्हणूनच. मला कमी दिसलं तर मी पाणी घालणार नाही. का कमी झालं ते विचारीन."

आप्पा, हे ऐकून तुम्ही हसला असता. तिच्यावर तुमचा पहिल्यापासून जीव होता.

प्रोबेशन संपलं तेव्हा सुपरवायझर बाईंनी तिला फोन केला आणि फेरी तिचीच राहील असं सांगितलं. शिवाय आणखी एक खेडं तिला दिलं, तिनं ते मागून घेतलं. लसही तिला माझ्या आधी मिळाली, कामामुळे. लशीच्या हॉलपर्यंत गाडी तिनंच चालवली आणि मी शेजारी बसलो होतो. बर्फ गेला होता. कालव्याच्या कडेला नव्या पिलांना घेऊन बदकं हिंडत होती, आणि रस्त्यावर कुणी घाईत नव्हतं. लस पोचवणाऱ्याची सून लस घ्यायला चाललीय, असं मी म्हणणार होतो, पण ती वळण घेत होती म्हणून गप्प बसलो. वळणावर बोललेलं तिला आवडत नाही. तुम्हालाही आवडायचं नाही.

तुमचं चुकलं असं मी लिहीत नाहीये. तुमच्या रस्त्यावर तुमचं बरोबरच होतं. मी रस्ता बदलला आणि नेम तोच ठेवला, तेवढंच. हे पत्र पाठवायचं नाही हे बसतानाच ठरलेलं होतं, म्हणून पाईप, पट्टी, थर्मोस्टॅट सगळं लिहिता आलं. पाठवायचं असतं तर 'आम्ही सर्व खुशाल' यापुढे गेलो नसतो.

आज रविवार. ती बॉनेट उघडून बाहेर उभी आहे, वाकून खुणेकडे बघते आहे, आणि मी आत बसून हे लिहितो आहे. तिनं मला बोलावलेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही, असं लिहिणार होतो. थोडं वाटतं.